विरंगुळा केंद्रात जाऊन प्रकृती सुधारते का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

ज्येष्ठ नागरिक संघ आणि विरंगुळा केंद्रे यांच्याविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून, पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे सासरे ७२ वर्षांचे आहेत. दीड वर्षापूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हापासून ते दिवसभर टीव्हीसमोर बसून असतात. घराजवळ महापालिकेचे विरंगुळा केंद्र आहे. पण ‘तिथे रिकामटेकडे म्हातारे पत्ते कुटत बसतात’ असे म्हणून ते जायचे टाळतात. अशा केंद्रात गेल्याने प्रकृतीला खरोखर काही फायदा होतो, की तो नुसता वेळ घालवण्याचा मार्ग आहे? — एक वाचक, नवी मुंबई

संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक निरोगी वार्धक्याचे दशक म्हणून जाहीर केले आहे. त्यामागची जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आपल्याकडे फारशी कोणी वाचलेली नसते. तिच्यात रोग नसणे ही अट नाही. आपल्याला मोलाची वाटणारी कामे करता येण्याची क्षमता माणसाने कमावणे आणि टिकवणे, हा तिचा गाभा आहे. या कसोटीवर मधुमेहाची गोळी घेऊन रोज मंडईत जाणारे, बँकेचे व्यवहार स्वतः पाहणारे आणि नातवाला शाळेत सोडणारे आजोबा निरोगी ठरतात, आणि सर्व अहवाल ‘नॉर्मल’ असूनही खुर्ची न सोडणारे ठरत नाहीत. तुमच्या सासऱ्यांचा विचार याच अंगाने करायला हवा.

फायद्याचा पुरावा आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात १४८ अभ्यासांमधील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. ज्यांचे इतरांशी संबंध भक्कम होते, त्यांची त्या काळात हयात राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. यावर एक रास्त शंका येते : मुळात धडधाकट असलेलीच माणसे चार लोकांत मिसळतात, मग श्रेय मिसळण्याला कसे द्यायचे? जपानमधील ताकेतोयो या गावातला अनुभव त्यासाठी पाहण्याजोगा आहे. तेथे २००७ पासून वस्तीवस्तीत ज्येष्ठांसाठी गप्पा, खेळ आणि हलक्या व्यायामाचे मेळावे सुरू झाले; ते गावातलेच स्वयंसेवक चालवत. पाच वर्षांनंतर संशोधकांनी येणाऱ्यांची आणि न येणाऱ्यांची तुलना केली आणि मुळातल्या प्रकृतीचा फरक सांख्यिकी पद्धतीने वजा केला, तरीही मेळाव्यांना येणाऱ्यांमध्ये परावलंबी होण्याचे प्रमाण जवळजवळ निम्मे निघाले. हे मेळावे रोज भरत नसत, हे विशेष.

हे कसे घडत असावे, याचे उत्तर मला कार्यक्रमपत्रिकेत दिसत नाही. दहा वाजता कुठे तरी पोहोचायचे आहे म्हणून माणूस नऊला अंघोळ करतो, दाढी करतो, धुतलेला सदरा घालतो, दोन जिने उतरतो आणि पाव किलोमीटर चालतो. परत आल्यावर त्याला भूक लागलेली असते आणि दुपारभर डुलक्या न काढल्यामुळे रात्री झोप येते. शिवाय दोन दिवस तो दिसला नाही तर कोणी तरी फोन करते. पट्टा एक भोक आत गेला आहे, बोलणे संथ झाले आहे, एक पाय ओढत चालतो आहे, या गोष्टी रोज पाहणाऱ्या घरच्यांच्या आधी आठवड्याने भेटणाऱ्या सवंगड्याच्या लक्षात येतात.

विधुर पुरुषांची एक वेगळी अडचण असते. आपल्याकडे नातीगोती, सणवार, लग्नाची बोलावणी आणि शेजारपाजार हे सारे बहुतेक घरांत पत्नी सांभाळते. ती गेली की पतीचा साऱ्या गोतावळ्याशी असलेला धागाच तुटतो. ते नव्याने जोडण्याची सवय त्याला नसते आणि तसे बोलून दाखवण्याची तर त्याहून नसते. म्हणून ‘जा, मन रमेल’ हा आग्रह उपयोगी पडत नाही. त्यात तुम्ही बिचारे आहात असा सूर त्यांना ऐकू येतो. त्यांना काम द्यावे. नोकरीत ते हिशेब पाहत असतील तर केंद्राच्या खजिनदारांना आधी भेटून ‘वर्षअखेरीच्या ताळेबंदाला मदत हवी आहे’ असा निरोप त्यांच्याकडूनच येईल, अशी व्यवस्था करा. पहिल्या दिवशी ओळखीच्या कोणा सदस्याने घरी येऊन सोबत न्यावे. पत्त्यांविषयीची त्यांची तक्रार कदाचित खरीही असेल, कारण सगळी केंद्रे सारखी नसतात. मग वाचनालय, सकाळचा चालण्याचा गट किंवा जुन्या सहकाऱ्यांचा कट्टाही चालेल.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. झोप आणि भूक कमी झाली आहे का, वजन उतरले आहे का, ‘आता जगून काय करायचे’ अशी भाषा येते का? तसे असेल तर हे नैराश्य असू शकते आणि त्याला उपचार आहेत. डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही उपलब्ध आहे. विरंगुळा केंद्र उपचारांच्या जोडीला असावे, त्यांच्या जागी नसावे.

प्रश्न : आमच्या संघाचे शंभराहून अधिक सदस्य आहेत. महिन्याला एक सभा, सदस्यांचे वाढदिवस, पंचाहत्तरी झालेल्यांचा सत्कार, आरोग्यावर व्याख्याने आणि वर्षातून एक सहल असे आमचे उपक्रम आहेत. आरोग्याच्या दृष्टीने आणखी काय करावे? — एका संघाचे सचिव, कोल्हापूर जिल्हा

तुमचे उपक्रम चांगले आहेत. पण त्यांतल्या बहुतेकांत सदस्य खुर्चीवर बसलेले असतात. व्यायामाचे महत्त्व या विषयावरचे दोन तासांचे व्याख्यान बसून ऐकणाऱ्या सभा मी पुष्कळ पाहिल्या आहेत, त्यामुळे थोडे स्पष्ट लिहितो. तुमच्या संघाने एकच नवी गोष्ट करायची असेल, तर ती आठवड्यातून तीन दिवस पायांच्या ताकदीचा आणि तोल सांभाळण्याचा सामूहिक व्यायाम ही असावी.

उतारवयात पडणे हा अपघात म्हणून सोडून दिला जातो. मांडीचे हाड खुब्यात मोडले की शस्त्रक्रिया, अंथरुण, छातीत कफ, घटलेले स्नायू आणि ‘पुन्हा पडेन’ ही भीती अशी मालिका सुरू होते, आणि पुष्कळ जण नंतर पूर्वीसारखे हिंडू-फिरू शकत नाहीत. पडणे बऱ्याच अंशी टाळता येते. २०१९ साली १०८ चाचण्यांचा आणि २३ हजारांहून अधिक ज्येष्ठांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, त्यात नियमित व्यायामामुळे पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हा परिणाम मुख्यतः तोलाच्या आणि उठण्या-बसण्यासारख्या रोजच्या हालचालींच्या व्यायामांचा होता. नुसत्या चालण्याने पडणे कमी होते, असे त्यातून सिद्ध झाले नाही. चालणे हृदयासाठी आणि साखरेसाठी उत्तमच आहे, ते सोडू नये. प्राणायामाबद्दलही हेच म्हणता येईल. तो बसून करायचा असल्यामुळे मांड्यांना बळ देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात ६५ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम श्रमांखेरीज तीन किंवा अधिक दिवस तोल आणि ताकद यांचे व्यायाम करण्यास सांगितले आहे.

सुरुवात एका साध्या चाचणीने करा. भिंतीला टेकवलेली, बिनहातांची, साधारण सतरा इंच उंचीची खुर्ची घ्या. सदस्याने हात छातीवर घडी घालून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून बसता येते ते मोजा. ७० ते ७४ वयोगटात पुरुषाला १२ पेक्षा आणि स्त्रीला १० पेक्षा कमी वेळा जमले, तर पाय अशक्त झाले असून पडण्याचा धोका वाढला आहे, असे समजतात. त्यानंतर एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला लावून दहा सेकंद आधाराशिवाय उभे राहता येते का, तेही पाहा. शेजारी एक जण सावरायला उभा हवाच. आकडे वहीत लिहून तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी घ्या. आपला आकडा आठावरून अकरावर गेलेला पाहिला की सदस्य स्वतःहून येऊ लागतात.

वर्ग चाळीस मिनिटांचा पुरेसा आहे. बसून सांधे मोकळे करावेत, मग खुर्चीतून उठबस, खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणे, पाय बाजूला नेणे, भिंतीलगत एका रेषेत पावलापुढे पाऊल टाकत चालणे आणि पाण्याने भरलेल्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या हातात घेऊन दंडाचे व्यायाम, असा क्रम ठेवावा. सोपे वाटू लागले की आधार कमी करायचा. व्यायाम हळूहळू कठीण झाला नाही तर तोल सुधारत नाही. पहिले काही आठवडे तालुक्यातील एखाद्या फिजिओथेरपिस्टला बोलवावे आणि तुमच्यातलेच दोन-तीन चपळ सदस्य शिकवून तयार करावेत. छातीत दुखणे, चक्कर, अलीकडची शस्त्रक्रिया, हाडांचा ठिसूळपणा किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

रक्तदाब मोजण्याचे यंत्र बऱ्याच संघांकडे असते. मोजलेला आकडा संघाच्या कागदावर न ठेवता सदस्याच्या स्वतःच्या वहीत लिहून द्या, म्हणजे तो डॉक्टरांपर्यंत पोहोचेल. आणि बसून मोजल्यावर उभे करून पुन्हा मोजा, कारण उभे राहताच रक्तदाब उतरणे हे पहाटे स्नानगृहाच्या वाटेवर पडण्याचे एक कारण असते. गोळ्या कमी-जास्त करण्याचा सल्ला मात्र कोणीही देऊ नये, निवृत्त कंपाउंडरनेही नाही.

अल्पोपाहाराकडेही पाहा. सभेला वडा किंवा शिरा आणि त्यावर गोड चहा, हा मेनू महाराष्ट्रभर ठरून गेलेला दिसतो. कवळी सैल असल्यामुळे किंवा एकट्यापुरते रांधण्याचा कंटाळा असल्यामुळे पुष्कळ वृद्धांच्या जेवणात प्रथिने फार कमी असतात, आणि प्रथिनांशिवाय व्यायामाने स्नायू भरून येत नाहीत. वयस्करांसाठी दर किलो वजनामागे रोज साधारण एक ग्रॅम प्रथिने सुचवली जातात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांचे मत घ्यावे. मऊ शिजवलेली मटकीची उसळ, मूग डाळीचे धिरडे, दही, चालत असेल त्यांना उकडलेले अंडे, यांचा खर्च वड्याहून फार अधिक येत नाही.

सभागृह तळमजल्यावर असावे, पायऱ्यांना कठडा आणि शौचालयात धरायला दांडी असावी, आणि सतरंजीच्या दुमडलेल्या कडा कोणाच्या पायात येऊ नयेत, हे तुम्हाला सांगायला नको.

प्रश्न : आमच्या भागातील संघात स्त्रियांची संख्या नगण्य आहे. कार्यकारिणी म्हणते, ‘त्यांना कोणी अडवले आहे?’ — एक वाचक, सातारा

संघाची वेळ सकाळी आठ ते दहा असेल, तर त्या वेळी घरातील स्त्री डबे भरत असते किंवा नातवंडांच्या शाळेच्या गडबडीत असते. तिला अडवणारे घड्याळ आहे, आणि ते कार्यकारिणीच्या हातात आहे. दुपारी तीन ते पाच ही वेळ ठेवून पाहा. शौचालय स्वच्छ आणि वेगळे आहे का, पदाधिकाऱ्यांत निदान एक-तृतीयांश स्त्रिया आहेत का, हेही पाहायला हवे.

दुसरे असे, की स्त्रियांची केंद्रे आधीपासून आहेत. त्यांवर फलक नाही इतकेच. भजनी मंडळे हे त्यांचे उत्तम उदाहरण. तेथे दर आठवड्याला ठरावीक वारी एकत्र जमणे असते, अभंग पाठ करणे असते, टाळांवर ठेका धरणे असते, न आलेल्या बाईची विचारपूस असते. आरोग्याच्या दृष्टीने हवे असलेले बरेच काही तेथे अगोदरच घडते आहे. संघाने या मंडळांना आपल्या जागेत मानाने बोलवावे आणि भजनाआधी वीस मिनिटे उभ्याचे व्यायाम जोडावेत. स्त्रियांचे सरासरी आयुष्य अधिक, त्यामुळे उतारवयातली शेवटची वर्षे एकटीने काढणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी असते आणि हाडे ठिसूळ होण्याचा त्रासही त्यांनाच अधिक होतो. संघाची गरज त्यांना पुरुषांपेक्षा कमी नाही.

प्रश्न : आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे येतात आणि आम्ही कामावर गेलो की घरात कोंडल्यासारखे होतात. इथल्या ‘सीनियर सेंटर’मध्ये त्यांना पाठवावे का? — एक वाचक, न्यू जर्सी

अवश्य पाठवावे. अमेरिकेत या केंद्रांची परंपरा जुनी आहे; पहिले केंद्र १९४३ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात सुरू झाले. १९६५ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने त्यांना सरकारी आधार मिळाला आणि १९७२ मध्ये त्यात सामूहिक भोजनाची योजना आली. साठी ओलांडलेल्यांना केंद्रात एकत्र बसवून गरम जेवण द्यायचे, उत्पन्नाचा दाखला मागायचा नाही, पैसे ऐच्छिक ठेवायचे आणि त्या एका जेवणातून दिवसाच्या पोषणाचा निदान एक-तृतीयांश वाटा मिळेल असे पाहायचे, अशी ती कल्पना आहे. आपल्या संघांनी तिकडून काही घ्यायचे असेल, तर हे भोजन घ्यावे, असे मला फार वाटते.

पाहुणे म्हणून आलेल्यांना कोणत्या सेवा मिळतील, हे केंद्रागणिक बदलते. न्यू जर्सीत प्रत्येक काउंटीत ज्येष्ठांसाठीचे कार्यालय आहे. तेथे फोन करून वाहनाची सोय, शाकाहारी जेवण आणि ताई-ची किंवा तोलाचे वर्ग यांविषयी विचारा. गाडी चालवता न येणे हीच तुमच्या पालकांची खरी अडचण असते, त्यामुळे नेण्या-आणण्याचा प्रश्न सुटला तर बाकीचे जमते. इंग्रजीचा संकोच असेल, तर बोलावे न लागणाऱ्या वर्गापासून सुरुवात करावी.

प्रश्न : शासकीय योजनांचे अर्ज भरून देणे हे संघाचे काम आहे का? — एक वाचक, अकोला

असावे. ७० वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेचे कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले आहे. पण ते कार्ड काढल्याशिवाय उपयोगी पडत नाही, आणि बोटांचे ठसे न उमटणे, आधारवरची जन्मतारीख चुकीची असणे, ओटीपी मुलाच्या मोबाइलवर जाणे अशा अडचणींत ते अडते. संघात महिन्यातून एक दिवस संगणक जाणणारा तरुण बसवला तर बरीच कामे मार्गी लागतील. एसटीत ७५ वर्षांवरील व्यक्तींना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात मोफत प्रवास आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र २००७ च्या कायद्याखाली मुलांकडून निर्वाहखर्च मिळवण्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे वकिलाशिवायही अर्ज करता येतो, हे फार थोड्यांना माहीत असते. केंद्र सरकारची १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी संघाच्या फलकावर ठळक लिहून ठेवावी.

प्रश्न : आई ७८ वर्षांची आहे. अलीकडे ती तीच गोष्ट पुन्हापुन्हा सांगते, एकदा संघातून घरी येताना वाट चुकली. सदस्य कुरकुरू लागले आहेत. तिचे संघात जाणे बंद करावे का? — एक वाचक, नाशिक

बंद करू नका, आणि तपासणीही लांबवू नका. विसरभोळेपणा हा वयाचाच भाग आहे, असे समजून दोन-तीन वर्षे घालवणारी कुटुंबे पुष्कळ असतात. थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य आणि काही झोपेच्या गोळ्या यांमुळेही असे होते, आणि ते सुधारता येते. श्रवणचाचणी आणि मोतीबिंदूची तपासणीही करून घ्या. स्मृतिभ्रंशावरील २०२४ च्या लॅन्सेट आयोगाच्या अहवालात टाळता किंवा कमी करता येण्याजोगे १४ धोके मोजले आहेत. ऐकू कमी येणे, उपचार न केलेले दृष्टिदोष आणि एकाकीपणा हे तिन्ही त्यांत आहेत. ज्याला नीट ऐकू येत नाही तो माणूस चारचौघांत गप्प होतो आणि नंतर जाणेच सोडतो, म्हणजे हे धोके एकमेकांना ओढून आणतात.

संघाशी मोकळेपणाने बोला. आईचा आजार लपवून ठेवला तर सदस्य तिला विक्षिप्त ठरवतील. सांगितला तर त्यांतल्या दोघी-तिघी सांभाळून घेतील. जाता-येता सोबत ठरवा, पर्समध्ये नाव, पत्ता आणि तुमचा दूरध्वनी क्रमांक असलेले कार्ड ठेवा, आणि हिशेब किंवा निरोप यांऐवजी फुलांच्या माळा करणे, भाजी निवडणे, पाठ असलेली स्तोत्रे म्हणणे अशी हाताला आणि जिभेला सवयीची कामे तिला मिळतील, असे पाहा. सदस्यांनी ‘हे तुम्ही मघाशीच सांगितले’ असे म्हणून तिला टोकू नये. विषय हळूच दुसरीकडे वळवावा.

पुढे तिला शौचालयाला नेण्यासाठी मदत लागू लागली, ती घाबरून उठून जाऊ लागली किंवा दुपारनंतर चिडचिड वाढली, तर संघातल्या स्वयंसेवकांवर हा भार टाकणे योग्य नाही. अशा वेळी प्रशिक्षित सेवकवर्ग असलेले दिवसभराचे काळजी केंद्र पाहावे. मोठ्या शहरांत अशी केंद्रे आहेत, लहान गावांत ती क्वचितच सापडतात. म्हणून शोध आतापासूनच सुरू ठेवा, आणि संघातल्या ज्या मैत्रिणींची तिला सवय आहे, त्यांना नंतरही आठवड्यातून एकदा तिच्याकडे येण्याची विनंती आजच करून ठेवा.